डिस्क परदेशातून मागवायचीय? आधी मागचं कव्हर वाचा

मागच्या अंकात मी आशियाई सिनेमांच्या डिस्क जमवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की ऑनलाइन आज दिसणारा सिनेमा हक्क संपले की उद्या गायब होतो, कपाटातली डिस्क कुठे जात नाही. त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच, की ताई सगळं पटतंय पण परदेशातून मागवायला परवडत नाही. म्हणून हे अख्खं सदर या वेळी त्याच प्रश्नांना.

प्रश्न : ताई, मला हाँगकाँग, कोरिया, जपान तिन्हीकडचे सिनेमे आवडतात. यादी पंचवीस-तीसची झालीये. दर वेळी कार्ट भरते, शेवटी शिपिंगचा आकडा बघते आणि बंद करून टाकते. हे स्वस्तात करायची काही पद्धत असते का, की हा श्रीमंतांचाच शौक?
– यादीवाली वाचक

श्रीमंतांचा शौक अजिबात नाही, पण घाई करणाऱ्यांचा पण नाही. पहिली गोष्ट अशी की तुम्ही तिन्ही देश एकाच यादीत घातलेत, तिथूनच गोंधळ सुरू होतो, कारण तिन्हीकडचा बाजार वेगळा वागतो.

हाँगकाँग सगळ्यात सोपं. किमती त्यातल्या त्यात कमी, आणि हाँगकाँगच्या सिनेमावर इंग्रजी सबटाइटल असण्याची सवय डीव्हीडीच्याही आधीची आहे, ब्रिटिश राजवट असताना १९६० च्या दशकापासून थेटरातल्या प्रिंटवरच चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही ओळी छापलेल्या असायच्या, त्यामुळे तिकडच्या डिस्कवर इंग्रजी नसणं हा अपवाद समजा. येसएशिया आणि डीडीडीहाउस ही तिकडची जुनी ऑनलाइन दुकानं, साइट इंग्रजीत, आणि सबटाइटल कुठल्या भाषेत आहेत ते प्रत्येक डिस्कखाली लिहिलेलं असतं.

कोरिया हाँगकाँग आणि जपानच्या मधला. साध्या डीव्हीडीवर मुख्य सिनेमाला इंग्रजी बहुतेक वेळा मिळतं, सोबतच्या मुलाखती वगैरेंना मिळत नाही, ते धरूनच चाला. तिकडच्या ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीहून स्वच्छ चित्राच्या डिस्कचा, वेगळाच थाट असतो, जाडजूड बाहेरचं कव्हर, पोस्टकार्डं, फोटोंचं पुस्तक, मर्यादित प्रती, आणि किंमत त्या सगळ्याची असते, सिनेमाची नाही. तुम्हाला सिनेमा हवाय की पुडकं हवंय हे आधी ठरवा, दोन्हीपैकी काहीही हवं असणं चूक नाही पण ठरवलेलं असावं. जुने कोरियन सिनेमे हवे असतील तर सोलच्या कोरियन फिल्म आर्काइव्हनं काढलेल्या डिस्क बघा, इंग्रजी सबटाइटल असतात आणि काम मनापासून केलेलं असतं. शिवाय याच आर्काइव्हनं आपल्या यूट्यूब चॅनलवर ढिगानं जुने सिनेमे इंग्रजी सबटाइटलसकट फुकट ठेवलेत, तर आधी तिथे बघा, आवडला तरच डिस्क घ्या. माझ्या यादीतली निम्मी नावं अशीच गळली आणि जी उरली ती खरंच हवी होती.

जपान महाग. एका सिनेमाच्या ब्लू-रेची छापील किंमत चार-पाच हजार येन असणं तिथे नेहमीचं आहे. पण दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. एक म्हणजे तिथे पुस्तकं आणि गाण्यांच्या सीडी छापील किमतीलाच विकायची पद्धत कायद्यानं चालू दिलीये, पण सिनेमाच्या डिस्क त्यात येत नाहीत, म्हणून डिस्कवर सूट मिळते आणि बरी मिळते. दुसरं, पहिल्या आवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षांनी बऱ्याच सिनेमांची स्वस्त आवृत्ती निघते, तिला तिकडे रेंकाबान म्हणतात, सिनेमा तोच, फक्त पुस्तिका आणि जादा डिस्क नाही. शिवाय परदेशी पाठवायच्या मालावर जपानचा १०% कर लागत नाही, सीडीजपानसारखी परदेशी गिऱ्हाइकांसाठी चालणारी दुकानं कर वजा केलेली किंमतच दाखवतात. येनचा भाव पण बघत जा, २०१२ च्या सुमाराला एका डॉलरला ८० येनच्या आसपास मिळायचे, २०२४ च्या उन्हाळ्यात १६० च्या वर गेले होते, म्हणजे तीच छापील किंमत डॉलरात बघितली तर निम्मी.

आता शिपिंग. बहुतेक दुकानांचा हिशोब दोन भागात असतो, पार्सलमागे एक ठरलेली रक्कम आणि वर प्रत्येक डिस्कमागे थोडी. समजा पार्सलचे १० डॉलर आणि डिस्कमागे २. एक डिस्क मागवली तर पोस्टाचे १२ पडले, सहा एकदम मागवल्या तर २२, म्हणजे डिस्कमागे चारच्या आत. म्हणून कार्ट बंद करू नका, नुसतं भरून ठेवा, आणि सहा-आठ नावं जमली, वर दुकानाचा सेल लागला की मग पैसे भरा. एक मात्र सांभाळा, अजून न निघालेली डिस्क त्याच ऑर्डरीत घालू नका, नाहीतर सगळं पार्सल तिच्यासाठी अडून बसतं. कधी कधी दुकान दोन पार्सल करतं आणि शिपिंग दोनदा लावतं, ते त्याहून वाईट.

पैसे भरताना कार्डाचं पान विचारतं की तुमच्या चलनात भरू का, तिथे नाही म्हणा आणि दुकानाच्याच चलनात भरा. ती सोय दिसते गोड पण बदलाचा दर त्यांचा असतो आणि तो आपल्या फायद्याचा क्वचितच असतो.

प्रश्न : मी एका जुन्या जपानी सिनेमाची ब्लू-रे मागवली. चित्र अप्रतिम आहे पण इंग्रजी सबटाइटलच नाहीत! दुकानाच्या पानावर 'सबटाइटल : आहेत' असं लिहिलेलं होतं. ही फसवणूक नाही का?
– हिरमुसलेला वाचक

तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली जपानी डिस्क आठवली. अगदी हेच. तीन आठवडे वाट बघितली, पार्सल आलं, जपानी डिस्कच्या कव्हरला गुंडाळलेली असते ती कागदी पट्टी न फाडता अलगद काढली, डिस्क लावली आणि मेनूत एकच ओळ, ती पण जपानी. सबटाइटल होते, जपानी सिनेमाला जपानी सबटाइटल, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. त्या रात्री सिनेमा तसाच बघितला, कळला अर्धाच, पण जीव फार हळहळला. दुकानदार खोटं बोललेला नव्हता, सबटाइटल 'होते'. म्हणून 'आहेत' या शब्दावर कधीच जाऊ नका, कुठल्या भाषेत ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि हे वाचता येतं हो, लिपी न येता पण. मी त्यानंतर भिंग घेऊन बसले आणि शिकले ते सांगते, कारण पुष्कळ दुकानं मागच्या कव्हरचा फोटो टाकतात आणि तो फोटो मोठा करून बघितला की निम्मी कामं होतात. मागच्या बाजूला खाली एक चौकट असते, किती मिनिटं, आवाज कसला, रीजन कुठला (म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल) वगैरे. त्यात सबटाइटलसाठी जपानीत जिमाकु हा शब्द असतो, चिनीत त्याचा उच्चार वेगळा पण अक्षरं तीच दोन, त्यामुळे एकदा डोळ्यात बसली की जपान, हाँगकाँग, तैवान तिन्हीकडे ओळखू येतात. पहिलं अक्षर म्हणजे वर छोटं छप्पर आणि छपराखाली आडवी काठी मारलेलं मराठी तीनच्या आकड्यासारखं काहीतरी. त्या शब्दाच्या शेजारी भाषेचं नाव असतं. तिथलं पहिलं अक्षर खिडकीसारखा उभा चौकोन, मधे एक आडवी रेघ, असं असलं तर ते 'जपानी'. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ आणि तिच्यावर दोन खुंट्या ठोकल्यासारखं असलं तर ते 'इंग्रजी', आणि हे खुंट्यांचं अक्षर चिनी कव्हरवरही इंग्रजीसाठीच असतं. कोरियन लिपी वेगळी आहे पण तिथे तर अजून सोपं, 'इंग्रजी' हा शब्द दोन अक्षरांचा आणि त्या दोन अक्षरांत मिळून तीन गोल असतात. तीन गोल दिसले की मी निश्वास टाकते.

याशिवाय ऑर्डर करण्याआधी ब्लू-रे डॉट कॉम आणि डीव्हीडीकम्पेअर या दोन ठिकाणी सिनेमाचं नाव टाकून बघा. पहिल्यावर देशवार आवृत्त्या, भाषा, रीजन अशी माहिती असते, दुसऱ्यावर कुठल्या देशाच्या आवृत्तीत किती मिनिटं कापलीत याची तुलना असते, आणि हे कापाकापीचं प्रकरण आशियाई सिनेमात फार मोठं आहे, अमेरिकेतल्या वितरकांनी हाँगकाँगचे सिनेमे कापून, डब करून, संगीत बदलून विकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तुमच्या डिस्कचं म्हणाल तर ती परत पाठवू नका, खर्च वाया. हाच सिनेमा इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीनं काढलाय का ते बघा. क्रायटेरियन, अ‍ॅरो, युरेका, बीएफआय, ८८ फिल्म्स, थर्ड विंडो फिल्म्स, रेडियन्स ही मंडळी जपानी आणि हाँगकाँगचे सिनेमे इंग्रजी सबटाइटलसकट काढतात आणि जपानी सिनेमाच्या बाबतीत तर बहुतेक वेळा तिकडची आवृत्ती जपानपेक्षा स्वस्त पडते. जपानी माणसाचा सिनेमा जपानहून घेतला की 'अस्सल' असं वाटतं खरं, मला पण वाटायचं, पण समजायलाच हवा ना तो. क्रायटेरियनच्या डिस्क अमेरिकेत बार्न्स अँड नोबलमध्ये दर वर्षी जुलै आणि नोव्हेंबरच्या सुमाराला निम्म्या किमतीत असतात, अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे मागवून ठेवा. इंग्लंडच्या दुकानांत किमतीत २०% व्हॅट धरलेला असतो, देशाबाहेर पाठवताना काही दुकानं तो वजा करतात, काही नाही करत. तर पत्ता टाकल्यावर किंमत उतरते का ते बघा आणि उतरणाऱ्या दुकानातूनच घ्या.

प्रश्न : हाँगकाँगहून आलेली डीव्हीडी लावली तर स्क्रीनवर 'रीजन चुकीचा' असा मेसेज. आता हे काय नवीन? डिस्क खराब आहे का?
– डीव्हीडी प्लेअरचा जुना मालक

डिस्क चांगली आहे, कुलूप आहे फक्त. डीव्हीडीसाठी कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे केलेत. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, हाँगकाँग-तैवान-कोरिया आणि आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५, चीन ६. मागच्या कव्हरवर पृथ्वीच्या गोलासारखं चित्र आणि त्यात आकडा असतो तो हाच. प्लेअरचा आकडा आणि डिस्कचा आकडा जुळला नाही की चालत नाही.

पण डीव्हीडीच्या बाबतीत हे कुलूप तसं तकलादू. बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवर काही बटणं ठरलेल्या क्रमानं दाबली की लपलेला मेनू उघडतो आणि तिथे रीजन शून्य करता येतो, म्हणजे सगळंच चालतं. तुमच्या प्लेअरचं मॉडेल शोधून बघा, सापडलं तर पाच मिनिटांचं काम. काँप्युटरच्या ड्राइव्हवर बघणार असाल तर जरा जपून, ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्याला जो असेल तो कायमचा. म्हणून तो बदलू का असं विचारलं की पटकन हो म्हणू नका, आधी व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये लावून बघा, पुष्कळ ड्राइव्हवर तो न विचारता चालवतो.

ब्लू-रेचं कुलूप वेगळं आणि पक्कं. तिथे तीनच भाग, ए, बी, सी, कव्हरवर षटकोनात अक्षर असतं. जपान, कोरिया, हाँगकाँग, तैवान, आग्नेय आशिया आणि दोन्ही अमेरिका हे सगळे ए मध्ये, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया बी, आणि भारत, चीन, रशिया सी. म्हणजे आशियाई सिनेमाच्या माणसाला ए चालणारा प्लेअर मिळाला की जपानी, कोरियन, हाँगकाँगची आणि अमेरिकेतली अशा चारही दुकानांची दारं एकदम उघडतात, फक्त इंग्लंडवाल्यांची राहतात. प्लेअर विकणारा 'मल्टिरीजन' म्हणाला तर त्याला नीट विचारा, डीव्हीडीला की ब्लू-रेला पण? पुष्कळदा नुसत्या डीव्हीडीला असतं आणि हे घरी आल्यावर कळतं. ब्लू-रेच्याही वरच्या फोरके डिस्कला मात्र रीजन नसतो, कुठलीही कुठेही. पण त्याच पाकिटात जी साधी ब्लू-रे जोडीला असते तिला असू शकतो.

आणि एक, डीव्हीडीत पाल आणि एनटीएससी असे टीव्हीच्या चित्राच्या पद्धतीचे दोन प्रकार आहेत. जपान आणि युरोप दोन्ही रीजन २, तरी जपान एनटीएससी आणि युरोप पाल, त्यामुळे नुसता आकडा जुळून भागत नाही, प्लेअर-टीव्हीला दोन्ही चालतं का बघा, हल्लीच्या टीव्हींना बहुधा चालतं. पालमध्ये सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रांनी पळतो, म्हणून १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. कव्हरवर चार मिनिटं कमी दिसली की कापलाय म्हणून घाबरू नका, आधी पाल आहे का बघा.

प्रश्न : एका साइटवर नामवंत जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे सगळेच्या सगळे सिनेमे एका बॉक्समध्ये मिळतायत, किंमत एका ओरिजिनल डिस्कएवढी. मुलीच्या वाढदिवसाला घेऊ का?
– बाबा

नका घेऊ बाबा. हे मी अगदी कळकळीनं सांगते कारण मी घेतलाय असा बॉक्स, एका मोठ्या बाजारसाइटवरच्या विक्रेत्याकडून, आणि तो आजही कपाटाच्या मागच्या फळीवर पडून आहे. फोटोत सोनेरी अक्षरं, जाड पुठ्ठा, सगळं झकास. उघडलं तर पुठ्ठ्याला गोंदाचा वास, कव्हरमागच्या इंग्रजी मजकुरात वाक्यावाक्याला चुका, रीजनच्या जागी 'ऑल' आणि एका डिस्कवर तीन-तीन सिनेमे कोंबलेले. लावल्यावर पळापळीच्या दृश्यात चित्राचे चौकोन चौकोन होत होते. सबटाइटल आधी चिनीत आणि तिथून परत इंग्रजीत केलेले असावेत, पात्रांची नावं सुद्धा बदललेली, एका रडवणाऱ्या प्रसंगात आई मुलाला काय म्हणते तेच कळेना.

ओळखायच्या खुणा याच. सगळे सिनेमे एका बॉक्समध्ये, ते पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या हक्कांचे असले तर तिथे पाणी मुरतंय हे नक्की. मालिकांच्या बाबतीत अजून सोपं आहे, खऱ्या जपानी डिस्कवर बहुतेक दोन ते चार भाग असतात, म्हणूनच तर त्या इतक्या महाग, आणि नकलेत अख्खा सीझन दोन डिस्कवर. डिस्कची खालची बाजू जांभळट-निळी दिसली तर ती घरी रेकॉर्ड केल्यासारखी आहे, छापलेली डिस्क चंदेरी असते, पण नुसत्या चंदेरीवर विश्वास नको कारण नकलवाले पण आता कारखान्यात छापतात.

मुलीसाठी एकच सिनेमा घ्या, ओरिजिनल. सिनेमा कुठला हे तिलाच निवडू द्या.

प्रश्न : विक्रेता म्हणतो पार्सलवर 'गिफ्ट' लिहितो आणि किंमत कमी दाखवतो, कस्टम लागणार नाही. लिहू दे का?
– काटकसरी वाचक

नाही. खोटं डिक्लेरेशन आहे ते आणि सापडलं तर त्रास पार्सल घेणाऱ्याला, विक्रेत्याला नाही. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी दाखवलेल्या किमतीचीच मिळणार. तुम्ही राहता त्या देशाचा नियम कस्टमच्या अधिकृत साइटवर वाचा आणि तो दर वेळी वाचा, कारण हे बदलत राहतं, युरोपियन युनियननं २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून काढली, अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतची सूट २०२५ च्या ऑगस्टअखेर सगळ्या देशांसाठी थांबवली. दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर मोठी ऑर्डर टाकली की भुर्दंड बसतो. जो काही कर असेल तो डिस्कच्या किमतीत धरूनच परवडतं का ते ठरवा. शिवाय कुरिअरवाले कर भरून देण्याची वेगळी फी लावतात, पोस्टाची बहुधा कमी असते, तेही धरा.

प्रश्न : पोस्टानं मागवावं की कुरिअरनं? आणि जपानहून सेकंडहँड घेतलेल्या डिस्क कशा असतात?
– दोन प्रश्न एका पाकिटात

एखाद-दोन डिस्क असतील तर पोस्ट, ट्रॅकिंगवालं. साध्या डीव्हीडीचं वजन केससकट १०० ग्रॅमच्या आसपास, त्यात खुद्द डिस्क पंधरा-सोळा ग्रॅमची, बाकी सगळं प्लास्टिक, म्हणजे लहान पाकिटात आरामात जातं. कुरिअर नुसत्या वजनावर नाही तर आकारावर पण पैसे लावतो हे लक्षात ठेवा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, ते किलो. खोकं ३० बाय २५ बाय २० चं असेल तर आत सव्वा किलोच माल असला तरी बिल तीन किलोचं. म्हणून मोठं खोकं आणि आत नुसता कागदाचा बोळा हे आपल्याला महागात पडतं, दुकानाला आधीच लिहून सांगा की लहान खोक्यात बांधा. जपानहून समुद्रमार्गे पाठवायची पण सोय असते, दोन-तीन महिने लागतात, बॉक्ससेटसाठी मी एकदा वाट बघितली आणि पैसे बरेच वाचले.

पार्सल आल्यावर फोडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. मग केस हलवून बघा, आत खुळखुळ झाली तर डिस्क मधल्या खुंटीवरून सुटलीये, लगेच उघडून ओरखडे बघा आणि त्याच दिवशी दुकानाला कळवा.

जपानी सेकंडहँड माल बिनधास्त घ्या. तिकडे दर्जा लिहिताना हात आखडता घेतात, 'वापरलेली, ओरखडे आहेत' असं लिहिलेली डिस्क माझ्याकडे आली तेव्हा मला तो ओरखडा दिव्याखाली तिरकी धरल्यावर दिसला. कागदी पट्टी असली-नसली यावरून भाव पडतो, आपल्याला पट्टीचं काय, पट्टी नसलेली घ्या. तिकडचे खूप विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, मग बायी किंवा झेनमार्केटसारखे मध्यस्थ लागतात, ते स्वतःच्या पत्त्यावर माल घेऊन आपल्याला एकत्र पाठवतात. त्यांची फी, तिकडचं देशांतर्गत पोस्ट आणि मग परदेशचं पोस्ट असे तीन खर्च होतात, त्यामुळे एका डिस्कसाठी नको, दहा जमल्या तर हो.

प्रश्न : ताई, माझे वडील आता ७४ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी शॉ ब्रदर्सचे कुंग फू सिनेमे थेटरात बघितलेत, अजून त्यातले डायलॉग म्हणून दाखवतात, इंग्रजी डब होते ते. मला ते सिनेमे त्यांच्यासाठी मागवायचेत. हाँगकाँगच्या जुन्या डीव्हीडी दिसतायत, पण सेकंडहँड असून महाग आहेत. घेऊ का?
– मुलगा

तुमच्या पत्रानं माझी सकाळ चांगली गेली. आधी थोडी हकिकत. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचे सिनेमे कितीतरी वर्षं डिस्कवर धड मिळतच नव्हते. २००० साली सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीनं त्यांचा ७६० च्या आसपास सिनेमांचा साठा विकत घेतला, प्रिंट साफ केल्या आणि २००२ च्या डिसेंबरपासून हाँगकाँगमध्ये त्या डीव्हीडी निघायला लागल्या, रीजन ३. तुम्हाला दिसतायत त्या बहुधा याच. आता त्या छापत नाहीत म्हणून भाव चढलाय.

पण तुमच्यासाठी त्या नकोत, आणि कारण भावाचं नाहीये. त्या हाँगकाँगच्या डीव्हीडींवर बहुतेक करून मँडरिन म्हणजे चिनी भाषेतला आवाज आणि इंग्रजी सबटाइटल असतात, इंग्रजी डब नसतो. वडिलांना पाठ आहे तो डब. अस्सलपणाचा आग्रह धरणारे म्हणतील मूळ भाषेतच बघावा, पण हे सिनेमे शूटिंगच्या वेळी आवाज न घेताच केलेले, मँडरिन सुद्धा नंतर स्टुडिओत बसून भरलेली, त्यामुळे तुमच्या वडिलांनी ऐकलेला आवाज काही कमी प्रतीचा नाही. त्यांचा सिनेमा तोच आहे.

अ‍ॅरो कंपनीनं २०२१ च्या डिसेंबरात 'शॉस्कोप' नावाचा पहिला ब्लू-रे बॉक्स काढला, त्यात १२ सिनेमे आहेत आणि चिनी आवाजाच्या बरोबरीनं इंग्रजी डब पण दिलेत, त्यानंतर पुढचे खंडही आले. बॉक्सची किंमत बघून दचकाल, तिला बाराने भागा आणि मग त्या जुन्या डीव्हीडींच्या भावाशेजारी ठेवा. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. वडिलांना हवे ते सिनेमे नक्की कुठल्या खंडात आहेत, प्लेअर कुठल्या रीजनचा आहे, आणि त्या त्या सिनेमाला इंग्रजी डब आहे ना. बॉक्स जड असतो, शिपिंग एकट्याचंच बरंच लागेल, तर सेलची वाट बघा, अ‍ॅरोचे सेल वर्षातून बरेचदा लागतात.

आणि वडिलांना विचारताना सिनेमाचं नाव विचारू नका, त्या काळी एकाच सिनेमाला प्रत्येक देशात वेगळं नाव असायचं. डायलॉग विचारा, मारामारी कुठे होते विचारा, हत्यार कुठलं, खलनायकाचे केस पांढरे होते का, लिहून घ्या आणि मला पाठवा, आपण मिळून शोधू.